पट्टा वेग घेतो तेव्हा

विनोद दुसऱ्यांदा सांगितला की त्यातली हवा जाते. लग्नाच्या पंगतीत एखाद्या काकांनी गेल्या वर्षीचाच किस्सा रंगवायला घेतला, की ऐकणारे आधीपासूनच माना डोलवू लागतात आणि शेवटच्या वाक्याला हसतात ते काकांचा मान राखण्यापुरते. शेवट ठाऊक असला की विनोद संपला, असे आपण धरूनच चालतो.

मग पुढच्या गोष्टीचा उलगडा कसा करायचा? 15 सप्टेंबर 1952 रोजी अमेरिकेतल्या सीबीएस या वाहिनीवर ‘आय लव्ह लुसी’ मालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यात दोन बायका चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात आणि सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटे कागदात गुंडाळताना त्यांची दाणादाण उडते. चित्र कृष्णधवल आहे. या गोष्टीला सत्तर वर्षे उलटून गेली. पुढे काय होणार हे पाहणाऱ्याला नेमके माहीत असते. तरीही पट्टा वेगात सुटला की माणूस हसतो, आणि दहाव्यांदा पाहणारा शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणतो, “आता बघ!”

त्या पट्ट्यासमोर उभी असलेली लाल केसांची बाई म्हणजे लुसिल बॉल. तिचा विनोद शिळा का होत नाही, याचे उत्तर ‘प्रतिभा’ या एका शब्दात देऊन मोकळे होता येईल, पण तसे केले तर खरी मौज हातातून निसटते. कारण हे हसू बांधलेले आहे. घर बांधावे तसे, पायापासून. त्यात लेखकांची गणिते आहेत, तालमीचा घाम आहे, कॅमेऱ्यांची मांडणी आहे, आणि एक करारही आहे.

उतू जाणारे दूध

आधी तो पट्टाच जवळून पाहू.

लुसी आणि तिची मैत्रीण एथेल यांना काम समजावून दिले जाते. पट्ट्यावरून चॉकलेट येईल, ते कागदात गुंडाळायचे, पुन्हा पट्ट्यावर ठेवायचे. देखरेख करणारी कडक बाई एकच अट घालते. एक जरी चॉकलेट न गुंडाळता पुढच्या खोलीत गेले, तर दोघींची नोकरी गेली. एवढे सांगून ती निघून जाते. पट्टा सुरू होतो. सावकाश. दोघींना काम जमते आणि त्या खूश होतात.

या सुरुवातीला कोणी हसत नाही, पण पुढचे सगळे हसू इथेच पेरलेले असते. नियम कळला, शिक्षा कळली आणि काम जमण्यासारखे आहे हेही दिसले. सुरुवातीलाच पट्टा भन्नाट सुटला असता तर तो नुसता गोंधळ झाला असता.

मग वेग वाढतो. आता प्रत्येक पुढची कृती पाहा. एक चॉकलेट सुटते, ते हाताने मागे ओढायचे. दोन सुटली, बाजूला ठेवायची. बाजूला जागा उरली नाही, तर तोंडात टाकायची. तोंड भरले, तर टोपीत. बाईची चाहूल लागली, तर झग्याच्या गळ्यातून आत. यातली एकही कृती वेडेपणाची नाही. त्या त्या क्षणी कोणीही शहाणा माणूस तेच करेल. शहाणपणाची एकेक पायरी चढत लुसी ठार वेडेपणाच्या गच्चीवर पोहोचते, आणि आपण तिच्याबरोबर चढलेलो असल्यामुळे ती परकी वाटत नाही.

शेवटी बाई परत येते. पट्टा रिकामा आहे. दोघींचे गाल फुगलेले आहेत, पण तिला पट्टा दिसतो. काम उत्तम चालले आहे असे म्हणून ती आत हुकूम सोडते, वेग आणखी वाढवा! शिक्षेची भीती होती आणि मिळाली शाबासकी. ही शाबासकीच सगळ्यात मोठी शिक्षा ठरते.

चुलीवरचे दूध आठवा. ते वर येणार हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, म्हणूनच तर नजर पातेल्यावर खिळते. शेवट माहीत असल्याने उत्सुकता कमी होत नाही, उलट कडा गाठण्याआधीचा प्रत्येक बुडबुडा महत्त्वाचा होतो. पंगतीतल्या काकांचा किस्सा एका शेवटच्या वाक्यावर उभा असतो, ते वाक्य कळले की उरत काही नाही. लुसीचा प्रसंग शेवटावर उभाच नाही. तो चढणीवर उभा आहे, आणि चढण पुन्हा पुन्हा चढता येते. गंमत म्हणजे त्याच भागात, बायका कारखान्यात असताना, घरी स्वयंपाक करायला राहिलेले नवरे भात टाकतात आणि तो भांड्यातून उतू जाऊन स्वयंपाकघरभर पसरतो. लेखकांनी एकच युक्ती दोन ठिकाणी वापरली आहे.

अठरा वर्षे दुसऱ्यांच्या पटात

लुसिलचा जन्म 6 ऑगस्ट 1911चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन गावचा. ती तीन वर्षांची असताना वडील विषमज्वराने गेले. किशोरवयात ती न्यूयॉर्क शहरातल्या एका नाट्यशाळेत दाखल झाली. तिथली हुशार विद्यार्थिनी होती पुढे गाजलेली नटी बेटी डेव्हिस, आणि भिडस्त लुसिलबद्दल शाळेचे मत असे पडले की हिच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. ती परत घरी गेली, पुन्हा शहरात आली, कपड्यांची मॉडेल झाली, आणि 1933मध्ये ‘रोमन स्कँडल्स’ या चित्रपटात सुंदर मुलींच्या ताफ्यातली एक म्हणून हॉलिवूडला पोहोचली.

तिथून पुढे अठरा वर्षे ती काम करत राहिली. आरकेओ या स्टुडिओत तिला लहानमोठ्या भूमिका मिळाल्या. ‘स्टेज डोअर’ या 1937च्या चित्रपटात ती लोकांच्या नजरेत भरली, पुढच्याच वर्षी मार्क्स बंधूंबरोबर ‘रूम सर्व्हिस’ केला. नंतर एमजीएम या स्टुडिओने तिला घेतले आणि 1943च्या रंगीत ‘डू बॅरी वॉज अ लेडी’साठी तिचे केस भडक लाल केले. ते लाल केस जन्मभर टिकले, नायिकापद मात्र टिकले नाही. कमी खर्चाच्या दुय्यम चित्रपटांची राणी हीच तिची ओळख झाली.

हिच्यात जे होते ते एवढ्या मोठ्या स्टुडिओंना दिसले कसे नाही? याचे एक कारण कामाच्या पद्धतीत आहे. चित्रपटात प्रसंग तुकड्या-तुकड्यांत घेतला जातो. एक कोन, थांबा, दिवे हलवा, दुसरा कोन. समोर हसणारे कोणी नसते. नटीला आपल्या विनोदाचा आवाज कधी परत ऐकूच येत नाही. सरळ भूमिकेला ते चालून जाते, पण जिचे सगळे कसब लयीत आहे तिचे यात फार नुकसान होते.

ज्याला दिसले तो माणूस मात्र जाणकार होता. मूकपटांचा महान विनोदवीर बस्टर कीटन तेव्हा एमजीएममध्ये पडद्यामागे विनोद सुचवण्याची नोकरी करत होता. त्याने तिला प्रॉपर्टीचे महत्त्व शिकवले. प्रॉपर्टी म्हणजे नटाच्या हातातल्या वस्तू, खुर्ची, टोपी, काठी. त्या आधी हाताळाव्यात, त्यांचे वजन, त्यांचा तोल, त्या कुठे अडकतात हे कळून घ्यावे. वस्तूशी मैत्री झाली की मगच तिच्याशी भांडण रंगते.

दुसरा धडा रेडिओवर मिळाला. 1948मध्ये सीबीएस रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ ही तिची मालिका सुरू झाली. स्टुडिओत प्रेक्षक बसलेले असत, ती मात्र कागद हातात धरून ताठ उभी राही. निर्माता जेस ओपनहायमरने तिला जॅक बेनी या विनोदी नटाच्या कार्यक्रमाची तिकिटे दिली आणि पाहून यायला सांगितले. रेडिओवरचा कार्यक्रम असूनही बेनी समोरच्या प्रेक्षकांसाठी चेहऱ्याने बोलत होता. लुसिल परत आली ती मोकळी होऊनच. ज्या माध्यमात चेहरा दिसतच नाही तिथे तिला आपला चेहरा सापडला.

हावभावांची बाराखडी

सीबीएसला ही मालिका दूरचित्रवाणीवर हवी होती. लुसिलने अट घातली, नवऱ्याच्या भूमिकेत आपला खरा नवरा हवा. देसी अर्नाझ हा क्युबात जन्मलेला वादक आणि गायक. दोघांची ओळख ‘टू मेनी गर्ल्स’ या चित्रपटाच्या वेळची, लग्न 1940चे. त्याचे उच्चार परदेशी, तेव्हा अमेरिकी घरातला नवरा म्हणून लोक त्याला स्वीकारणार नाहीत, असे वाहिनीला वाटत होते. लग्नाला दहा वर्षे होत आलेल्या बाईला हे ऐकावे लागत होते! दोघांनी वाद घातला नाही. 1950मध्ये त्यांनी एक छोटा रंगमंचीय कार्यक्रम बसवला आणि गावोगावच्या नाट्यगृहांत जाऊन तो केला. पेपितो नावाच्या स्पॅनिश विदूषकाने लुसिलला एक करामती चेलो दिला, त्यातून नाना वस्तू निघत. लोक खदखदून हसले. वाहिनीचा आक्षेप तिथेच गळाला. 15 ऑक्टोबर 1951 रोजी ‘आय लव्ह लुसी’चा पहिला भाग दिसला तेव्हा लुसिल चाळीस वर्षांची होती.

ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल ज्युनिअर हे तिघे लेखक रेडिओवरून तिच्याबरोबर आले. त्यांच्या संहितेत संवाद नेहमीच्या अक्षरांत आणि शारीरिक विनोदाच्या जागा ठळक मोठ्या अक्षरांत टंकलेल्या असत. त्या मजकुराला आपसांत ‘काळे सामान’ म्हणत. लुसिलने करायची अवघड गोष्ट एखाद्या बाईला खरेच करता येते का, हे पाहण्यासाठी मॅडलिन प्यू ती आधी स्वतः करून बघे. कागदावर लिहिलेला विनोद असा अंगावर घालून तपासला जाई.

तिच्या चेहऱ्यासाठी तर लेखकांनी सांकेतिक शब्दच ठरवले होते. ‘दिवा’ म्हणजे डोक्यात कल्पना चमकल्याचा भाव. ‘डबके’ म्हणजे डोळे भरून येऊन रडू फुटण्याच्या बेतात असणे. आणि ‘कोळी’ म्हणजे चोरी पकडली गेल्यावर वरचा ओठ उचलून घशातून काढलेला तो घाबरा आवाज. या नावाला इतिहास आहे. रेडिओवरच्या एका जाहिरातीत ती बालगीतातली कोळ्याला घाबरणारी मुलगी झाली होती आणि हा आवाज तिथे प्रथम निघाला. नंतर संहितेत नुसते ‘कोळी’ एवढे लिहिले की काम भागे.

अशी ठरलेली बाराखडी असली म्हणजे अभिनय यांत्रिक होतो, असा एक समज आहे. तो चूक आहे. शास्त्रीय गायकाला स्वर ठरलेलेच असतात. ते पक्के असतात म्हणून तर त्याला मोकळेपणाने गाता येते. लुसिलचेही तसेच. तालमीत ती एकेक हालचाल पक्की करी. पडद्यावर ती वेंधळी दिसते, पण वेंधळेपणाचा एकही क्षण अपघाताने आलेला नसे.

5 मे 1952च्या भागात लुसीला एका टॉनिकची जाहिरात करायची असते. औषधाचे नावच ‘व्हिटामीटाव्हेजामिन’, जिभेला गाठ मारणारे. चमचाभर टॉनिक घेऊन ते चविष्ट आहे असे हसून सांगायचे, एवढेच काम. दिग्दर्शक पुन्हा एकदा म्हणतो. पुन्हा एकदा. पुन्हा. बाटलीत मद्यार्क आहे आणि लुसीला त्याचा पत्ता नाही.

इथे विनोदाचे यंत्र स्पष्ट दिसते. पहिल्यांदा ती संपूर्ण जाहिरात बिनचूक म्हणते. ते मोजमाप झाले. त्यानंतरची प्रत्येक चूक प्रेक्षक त्या मोजमापाला लावून पाहतो. दुसऱ्या खेपेला शब्द जरासा निसटतो, पुढच्या खेपेला वाक्ये उलटीपालटी होतात, सुरुवातीला चव लागताच वेडेवाकडे होणारे तोंड हळूहळू प्रसन्न होत जाते. दारुड्याची नक्कल पुष्कळांना जमते. पण दारू अंशाअंशाने चढताना दाखवणे, आणि प्रत्येक खेपेचे वेगळे चुकलेले शब्द नेमके त्याच क्रमाने लक्षात ठेवणे, हे काम फार अवघड आहे. बरोबर शब्द अर्थाच्या आधाराने आठवतात, चुकलेल्या शब्दांना तो आधारही नसतो.

आग, पाणी, पीठ, द्राक्षे, तिने कशाचीच भीती बाळगली नाही. 1955च्या एका भागात ती चित्रपटनट विल्यम होल्डनपासून लपण्यासाठी खोटे नाक लावते आणि सिगारेट पेटवताना ते नाकच पेट घेते. रंगभूषाकाराने त्या नाकात चक्क वात बसवली होती. पेटलेले नाक ती समोरच्या कॉफीच्या कपात बुडवते. चॉकलेटच्या भागात सुरुवातीला तिच्या शेजारी बसून चॉकलेट बुडवणारी बाई ही नटी नव्हतीच, ते काम खरोखर करणारी कारागीर होती. तिचे हात शांतपणे, सवयीने चालतात, म्हणून शेजारचे लुसीचे हात अधिकच हास्यास्पद दिसतात.

तीन कॅमेरे आणि एक संध्याकाळ

आता यंत्राचा दुसरा भाग. एवढे सगळे आज आपल्याला दिसते ते कसे टिकले?

> चौकट : किनेस्कोप म्हणजे काय?
> 1951मध्ये अमेरिकेतले बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत. पश्चिम किनाऱ्यावर ते दाखवण्यासाठी टीव्हीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून पडद्यावरचे चित्रच टिपत. याला किनेस्कोप म्हणत. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरे जशी फिकट होतात, तसे ते चित्र पुसट दिसे. व्यवहारात वापरण्याजोगे व्हिडिओ टेपचे यंत्र 1956मध्ये आले. त्याआधीचे असंख्य थेट कार्यक्रम हवेत विरून गेले.

पुरस्कर्त्या सिगारेट कंपनीची इच्छा होती की मालिका न्यूयॉर्कमध्ये व्हावी, कारण टीव्ही असलेली बहुतेक घरे देशाच्या पूर्व भागात होती. लुसिल आणि देसीला हॉलिवूड सोडायचे नव्हते. पूर्वेच्या प्रेक्षकाला पुसट चित्र चालणार नाही म्हणून मार्ग निघाला तो असा की मालिका सरळ 35 मिलिमीटरच्या चित्रपटफितीवर घ्यायची. पण लुसिल प्रेक्षकांसमोर खुलते, हे रेडिओने दाखवून दिले होते. म्हणजे नाटकासारखे प्रेक्षक हवेत आणि चित्रपटासारखे चित्रही हवे.

या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी. चित्रपटात जवळचे आणि लांबचे दृश्य वेगवेगळे घेतात, प्रत्येक वेळी दिवे बदलतात. प्रेक्षक तोवर जांभया देऊ लागतील. उपाय एकच, तीन कॅमेरे एकदम चालवायचे. मधला सगळी खोली टिपेल, बाजूचे दोन चेहरे टिपतील. एकाच वेळी अनेक चित्रपट-कॅमेरे लावण्याचा प्रयोग त्याआधी एका प्रश्नोत्तरांच्या खेळात झाला होता, तेव्हा कल्पना कोरी नव्हती. पण गोष्ट सांगणाऱ्या विनोदी मालिकेची रीत म्हणून ती बसवली देसीच्या माणसांनी.

प्रकाशाचे कोडे सोडवायला त्यांनी कार्ल फ्रॉइंडला गाठले. ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘ड्रॅक्युला’ यांसारख्या सावल्यांनी भारलेल्या चित्रपटांचा हा छायाचित्रकार. सावल्यांच्या या उस्तादाने इथे सावल्या घालवण्याचे काम केले. दिवे वर टांगून सगळ्या खोलीत सारखा उजेड पाडला, म्हणजे कुठलाही कॅमेरा कुठूनही पाहो, चेहरा नीट दिसेल. सेट करड्या छटांत रंगवले, कारण कृष्णधवल चित्रात रंग शेवटी करडेच होणार. नटांना कॅमेऱ्याची चिंता उरली नाही. जमिनीवरून कॅमेऱ्यांच्या गाड्या सरकत, आणि नाटक सलग पुढे जाई.

सुमारे तीनशे माणसे बसतील अशी व्यवस्था स्टुडिओत केली होती. आठवड्याच्या तालमीनंतर एका संध्याकाळी प्रेक्षक येत, देसी पुढे येऊन त्यांच्याशी गप्पा मारी, वादकांचा ताफा वाजवी, आणि मग प्रयोग सुरू होई. होय, प्रयोगच. मराठी नाटकात काम करणाऱ्याला पुढचे वेगळे सांगावे लागणार नाही. हशा येतो, टिपेला जातो, ओसरू लागतो, आणि पूर्ण विरायच्या आत पुढचे वाक्य टाकायचे असते. लवकर टाकले तर ऐकू जात नाही, उशिरा टाकले तर प्रसंग पडतो. ‘आय लव्ह लुसी’त नट मध्येच थांबतात, एखादी नजर लांबवतात, ती हशासाठी सोडलेली जागा असते. पुढच्या काळात हसण्याचे साठवलेले आवाज यंत्रातून घालण्याची चाल पडली आणि विनोदी मालिकांतले हसू खोटेच असते असे लोक धरू लागले. इथले हसू त्या संध्याकाळी तिथे बसलेल्या माणसांचे आहे.

तीन कॅमेऱ्यांच्या तीन फिती घेऊन बसायचे काम संकलक डॅन कान याचे. फीत पाहण्याच्या त्या वेळच्या यंत्रावर, म्हणजे मूव्हिओलावर, एका वेळी एकच चित्र दिसे. मग अनेक पडद्यांचे यंत्र मागवण्यात आले, तिन्ही फिती शेजारी शेजारी धावतील असे. त्या धुडाला नाव पडले ‘तीन डोक्यांचा राक्षस’. लुसी चॉकलेट तोंडात कोंबते तेव्हा लांबचे चित्र दाखवायचे की चेहरा, हा निर्णय त्या राक्षसासमोर बसून होई. प्रेक्षकांपुढे आणि अनेक कॅमेऱ्यांनी विनोदी मालिका घेण्याची हीच रीत पुढे ‘चिअर्स’पासून ‘फ्रेंड्स’पर्यंत चालत आली.

हजार डॉलरचा सौदा

चित्रपटफीत महाग. वाहिनी आणि पुरस्कर्ते म्हणाले, वाढीव खर्चापोटी तुम्ही दोघांनी आठवड्याला हजार डॉलर कमी घ्या. देसीने मान्य केले आणि बदल्यात एक गोष्ट मागितली, प्रसारण झाल्यावर या फितींची मालकी आमच्या ‘देसिलू’ कंपनीची राहील. समोरच्यांनी खळखळ न करता होकार दिला. वापरलेल्या फितीला काय किंमत? एकदा पाहिलेला कार्यक्रम लोक पुन्हा कशाला पाहतील? पंगतीतल्या काकांबद्दल आपण जे धरून चाललो होतो, तेच वाहिनीही धरून चालली होती.

ते खोटे ठरायला फार दिवस लागले नाहीत. 1952मध्ये लुसिलला दिवस गेले. मालिकेतल्या लुसीलाही दिवस जातील असे ठरले, आणि ‘गरोदर’ हा शब्द न वापरण्याच्या अटीवर वाहिनीने परवानगी दिली. संहिता एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट आणि एक ज्यू यांच्या नजरेखालून गेल्या. 19 जानेवारी 1953 रोजी सकाळी लुसिलला मुलगा झाला, त्याच रात्री पडद्यावरच्या लुसीलाही. त्या रात्री सुमारे 4 कोटी 40 लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी होता, त्याला प्रेक्षक मिळाले 2 कोटी 90 लाखांच्या आसपास. तिच्या बाळंतपणाच्या काळात जुने भाग पुन्हा दाखवावे लागले, आणि लोकांनी तेही आवडीने पाहिले.

त्याच वर्षी एक गंभीर वादळ आले. 1936मध्ये आजोबांच्या आग्रहाखातर लुसिलने मतदार म्हणून आपली नोंद कम्युनिस्ट पक्षाची अशी केली होती. 1953च्या अमेरिकेत एवढ्यावरून कित्येकांची कारकीर्द मातीत गेली. देसी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, हिचे लाल काय ते केस, आणि तेही खरे नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालिका वाचली.

सहा हंगाम आणि 180 भाग झाल्यावर, 1957मध्ये, पहिल्या क्रमांकावर असतानाच दोघांनी ती थांबवली. जुन्या भागांचे हक्क सीबीएसने विकत घेतले ते चाळीस-पन्नास लाख डॉलरच्या घरात. ज्या फिती वाहिनीने सहज देऊन टाकल्या होत्या, त्याच तिने एवढे मोजून परत घेतल्या. त्याच सुमारास देसिलूने आरकेओचा स्टुडिओ विकत घेतला. जिथे लुसिल दुय्यम भूमिकांसाठी ताटकळत बसे, तिथल्या भिंतींची ती मालकीण झाली.

1960मध्ये घटस्फोट झाला. दोन वर्षांनी तिने देसीचा वाटा विकत घेतला आणि अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही स्टुडिओची सूत्रे हाती घेणारी ती पहिली स्त्री ठरली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ या 1966च्या दोन्ही मालिका देसिलूच्या. खर्चाच्या भीतीने संचालक कचरत असताना ‘स्टार ट्रेक’मागे ती उभी राहिली. 1967मध्ये तिने कंपनी सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलरना विकली. व्यवसायाच्या इतिहासात तिच्या नावावर एवढीच नोंद असती, तरी ती मोठी ठरली असती.

न बोललेला भरवसा

यंत्र कसे चालते हे कधी कधी ते बंद पडल्यावर नीट कळते.

लुसिलने नंतर ‘द लुसी शो’ (1962 ते 1968) आणि ‘हिअर्स लुसी’ (1968 ते 1974) केल्या, दोन्ही चालल्या. 1974चा ‘मेम’ हा संगीतपट मात्र पडला. आणि 1986मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, तिने ‘लाइफ विथ लुसी’ सुरू केली. मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल परत आले होते. युक्त्या त्याच होत्या, धडपड तीच होती. आठ भाग दाखवून मालिका बंद करण्यात आली.

पडण्यावर आपण हसतो त्यामागे एक न बोललेला भरवसा असतो, पडणाऱ्याला लागणार नाही. मूल अंगणात धपकन बसले आणि लगेच उठले तर घरचे हसतात. आजी न्हाणीघरात घसरली तर सगळे धावतात. चाळीस वर्षांची लुसी टेबलावरून कोसळली तर ती उसळून उठणार हे प्रेक्षकाला माहीत होते. पंचाहत्तर वर्षांची लुसी धोक्याच्या जागी दिसली, तर प्रेक्षकाच्या पोटात गोळा येई. काळजी आणि हसू एकाच वेळी नांदत नाहीत. तिचे टायमिंग गेले नव्हते, पाहणाऱ्याचा भरवसा गेला होता. याचे तिला फार दुःख झाले, आणि ते वाचताना आजही वाईट वाटते.

26 एप्रिल 1989 रोजी ती गेली. त्याच वर्षी अमेरिकेचा ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान तिला मरणोत्तर देण्यात आला.

ज्यांनी तिचे काम पाहिलेले नाही त्यांनी चॉकलेटचा भाग शोधून दोनदा पाहावा. पहिल्यांदा आवाज बंद करून. फक्त हात पाहावेत, ते केव्हा घाईत येतात आणि केव्हा हार मानतात. दुसऱ्यांदा आवाज लावून, पण लक्ष प्रेक्षकांच्या हसण्याकडे ठेवून, नट त्याची वाट कशी पाहतात ते टिपत. मग वेळ मिळाला तर आणखी काही भाग पाहावेत आणि कान देऊन ऐकावे. लुसी नव्या संकटाकडे निघाली की प्रेक्षकांतून एका बाईचा काळजीने निघालेला ‘ओह-ओ’ अनेक ठिकाणी ऐकू येतो. तो आवाज लुसिलच्या आईचा आहे. लेकीचे प्रयोग पाहायला ती प्रेक्षकांत येऊन बसत असे.